दगडावरची हाक

मित्रांनो, खिडकीत कोरफडीच्या कुंडीला टेकून बोटाएवढा एक गंजका तुकडा पडला आहे ना, तो म्हणजे मी. येणारे-जाणारे मला खिळा समजतात. समजोत बापडे. मी छिन्नी आहे, पाथरवटाची छिन्नी. एके काळी वीतभर लांब होते आणि माझ्या टोकाने देवाची नावे दगडात उतरत होती. आता उन्हात पडून असते आणि जुने आठवत बसते.

माझा जन्म लोहाराच्या भट्टीत झाला. त्याने मला लालभडक तापवले, ठोकून चपटे केले आणि टोकाला पाणी दिले. पाणी देणे म्हणजे तहान भागवणे नव्हे हं. तापलेले टोक पाण्यात बुडवून त्याला कणखर करणे म्हणजे पाणी देणे. बुडताना मी अशी काही चरचरले की लोहाराची बायको आतून ओरडली, "काय करपलं गं बाई?" जगात आल्या आल्या माझे असे स्वागत झाले.

माझा मालक तेव्हा तरुण होता आणि त्याचे नुकतेच लग्न झाले होते. त्याने माझी धार अंगठ्याच्या नखावर घासून पाहिली, मान हलवली आणि मला घरी आणले. घर कसले, पुढे कामाची एक खोली आणि मागे संसार. पुढच्या खोलीला रस्त्याकडे उघडणारे रुंद दार होते. उजेड तिथूनच यायचा, म्हणून मालक दाराकडे तोंड करून एका पालथ्या खोक्यावर बसायचा. समोर लाकडी घोडीवर दगड टेकवलेला असायचा. मागे, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, एक बुटके स्टूल होते. ते मालकिणीचे. स्टुलाशेजारी पाण्याची बादली आणि पत्र्याचा डबा असायचा. दगडाची धूळ छातीत गेली की पाथरवटाचे आयुष्य खोकण्यात जाते. म्हणून मालकीण अधूनमधून उठायची, दगडावर डबाभर पाणी शिंपडायची आणि परत स्टुलावर जाऊन बसायची.

मालक कबरीचे दगड घडवायचा. गावातल्या ख्रिस्ती मंडळीत एक रीत होती. माणूस गेला की त्याच्या दगडावर आधी देवाचे एक नाव कोरायचे आणि त्याखाली माणसाचे. नाव कोणते? तर तो माणूस ज्या नावाने देवाला हाक मारायचा, तेच. दगड बसवण्याच्या दिवशी घरातल्या कोणीतरी पुढे येऊन दोन शब्दांत सांगायचे की हेच नाव का. त्यामुळे मालकाचा गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न ठरलेला असे, "ते देवाला काय म्हणायचे?" उत्तर आल्याशिवाय तो मला दगडाला लावायचा नाही. एका श्रीमंत घरच्यांनी सांगितले, "तुम्हीच टाका काहीतरी भारदस्त." मालकाने त्यांना सरळ दार दाखवले.

मित्रांनो, शाळेत न जाता मी जे शिकले, ते या उत्तरांतून शिकले. ख्रिस्त हे मला कितीतरी दिवस येशूचे आडनाव वाटत होते! मग कळले, ख्रिस्त म्हणजे अभिषिक्त. तेल ओतून देवाने ज्याला आपल्या कामासाठी नेमले तो. आणि येशू या नावातच 'प्रभू तारतो' हे सांगणे आहे. इम्मानुएल म्हणजे आमच्याबरोबर देव. हे नाव मी एका दीपगृहाच्या राखणदारासाठी कोरले. आयुष्यभर एकटा राहिलेला माणूस, पण जेवायला बसताना ताटासमोर दुसरी खुर्ची ओढून ठेवायचा. शाळेची बस चालवणाऱ्या आजोबांसाठी 'मेंढपाळ' कोरले, कारण सगळी पोरे मोजून झाल्याशिवाय त्यांनी कधी बस सुरू केली नाही. अनाथाश्रमात वाढलेल्या शिंप्यासाठी 'अब्बा' कोरले. लेकरू घरात बापाला ज्या लाडाने हाक मारते, तो हा शब्द. त्याला हाक मारायला घरी बाप नव्हता, म्हणून त्याने ती हाक जपून देवासाठी ठेवली.

आणि ती कोपऱ्यावरची आत्या! साऱ्या गल्लीशी तिचा उभा दावा. ती गेली तेव्हा लोक गालात हसून म्हणाले, "आता हिच्या दगडावर 'शांतीचा अधिपती' लिहा, निदान तिथे तरी गप्प बसेल." पण तिचा भाऊ म्हणाला, "ती देवाला कैवारी म्हणायची." कैवारी हे पवित्र आत्म्याचे नाव. आपली बाजू घेऊन उभा राहतो तो. मग एकेकाला आठवू लागले की आत्या भांडली ती कधी विधवेच्या खोलीसाठी, कधी कामावरून काढलेल्या मुलीसाठी. स्वतःसाठी ती एकदाही भांडली नव्हती. त्या दिवशी गल्लीतल्या लोकांच्या माना खाली गेल्या होत्या.

असे माझे दिवस छान चालले होते. चर्चचे पाळकसाहेब माझ्या कामावरून बोट फिरवून म्हणायचे, "अक्षर मोत्यासारखं आहे." मालक फुलून जायचा आणि मी त्याच्या मुठीत फुलायचे.

पण एक गोष्ट फक्त मला माहीत होती. मालकीण पाणी शिंपडायला वाकायची तेव्हा तिचे ओठ माझ्यापासून हातभर अंतरावर असत. वर हातोड्याचा टणत्कार चाललेला असे आणि त्या आवाजाखाली ती हळूच प्रार्थना करायची. "पाहणाऱ्या देवा, पोरीला रात्रभर ताप होता, तू पाहिलंस ना." "पाहणाऱ्या देवा, आज दाढ ठणकतेय." एकदा म्हणाली, "पाहणाऱ्या देवा, आज केस वेगळे बांधलेत. तू तरी बघ." आणि स्वतःशीच हसली.

मालक वाईट नव्हता हो. त्याने तिच्यावर कधी आवाज चढवला नाही, की दारूला शिवला नाही. पण कामात डोके घातले की तो त्या दगडाचाच व्हायचा. ती मागून काही बोलली की तो म्हणायचा, "हं." पाऊस आलाय, हं. मुलीचा निकाल लागला, हं. मान काही वळायची नाही. त्या 'हं'वर त्या बाईने सारा संसार केला.

मुलगी मोठी झाली, परगावी दवाखान्यात परिचारिका झाली. मालकाचे केस पिकले. घासून घासून मीही निम्मी झाले. आणि एका थंडीत मालकीण थोड्या दिवसांच्या आजाराने गेली.

मालकाने अंगणात जपून ठेवलेला सगळ्यात चांगला दगड काढला. घासून आरशासारखा केला. मग मला हातात घेतले आणि तसाच बसून राहिला. ज्याने गावभर विचारले, "ते देवाला काय म्हणायचे?" त्याला स्वतःच्या बायकोबद्दल उत्तर ठाऊक नव्हते.

तो पाळकसाहेबांकडे गेला. ते म्हणाले, "सभेत त्या आम्हा सगळ्यांसारखंच 'हे प्रभू' म्हणायच्या. मनातलं मला कसं कळणार?" शेजारच्या बेकरीवाल्याच्या बायकोला विचारले. ती म्हणाली, "माझ्याशी बोलायच्या त्या तुमच्याच कामाचं कौतुक." शेवटी त्याने मुलीला विचारले. आईच्या आजारपणात घरी आलेली मुलगी भांडी घासत होती. वर न बघता ती म्हणाली, "प्रभूच लिहा ना, बाबा. त्यात वाईट काय आहे?"

तिला ठाऊक होते, मित्रांनो. आईने तिला लहानपणीच सांगितले होते. पण ते नाव दगडावर आले असते तर साऱ्या मंडळीसमोर कारण सांगावे लागले असते. आणि कारण सांगायचे म्हणजे बापाला चारचौघांत खाली मान घालायला लावायची. तिचा जीव होईना. आईचे नाव खरे ठेवावे की बापाचा मान राखावा, या पेचात ती तेच पातेले पुन्हा पुन्हा घासत होती. आणि मी? ते नाव मी हजारदा ऐकले होते, पण मला तोंड नव्हते. लोखंडाच्या जन्माचा मला इतका राग कधी आला नाही.

मालकाने कोळशाने दगडावर 'प्रभू' असे रेखले. प्रभू हे काही कमी नाव नाही. ज्याची सत्ता साऱ्यांवर आणि ज्याच्यापुढे राजेही गुडघे टेकतात, तो प्रभू. पण ते तिचे नव्हते. मालकाने मला रेघेवर टेकवले, हातोडा उचलला आणि खाली ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. जो नियम त्याने दुसऱ्यांना लावला होता, तो त्याचा हात धरत होता. तेवढ्यात कोरड्या धुळीने त्याला खोकल्याची उबळ आली. पाणी शिंपडायला कोणी नव्हते. तो उठला, बादलीशी गेला. बादली कोरडी ठणठणीत होती. खोकून खोकून त्याला धाप लागली, म्हणून तो तिथल्या बुटक्या स्टुलावर बसला.

इतक्या वर्षांत तो त्या स्टुलावर पहिल्यांदाच बसत होता. समोर उजेडाने भरलेले दार आणि त्याच्या अलीकडे तो पालथा खोका. दाराशेजारी खुंटीवर त्याचा कामाचा जुना सदरा लटकत होता, पाठीची बाजू इकडे. मालक बराच वेळ त्या सदऱ्याकडे बघत राहिला. मुलगी हात पुसत उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"इथून नुसती माझी पाठ दिसते गं," तो म्हणाला.

मुलीने फडक्याला पुन्हा हात पुसले.

"तुला ठाऊक आहे ती काय म्हणायची. एकच पातेलं किती वेळ घासशील?"

मुलगी त्याच्याजवळ जमिनीवर बसली. "पाहणारा देव म्हणायची, बाबा. शास्त्रात ती दासी आहे ना, घरातून छळून निघालेली? रानात झऱ्याशी एकटी बसली होती. तिथे देवाने तिची विचारपूस केली, तेव्हा तिने त्याला हे नाव दिलं. आई म्हणायची, मोठमोठ्या माणसांनी देवाला त्याचं नाव विचारलं. या बाईने मात्र आपण होऊन त्याला नाव दिलं, कारण तिला कोणीतरी पाहिलं होतं."

"आणि माझ्याबद्दल?"

"कधी तक्रार केली नाही. म्हणायची, त्यांचं सगळं लक्ष दगडात असतं, असू दे. मला बघायला देव आहे." मुलीने बापाच्या गुडघ्यावर हात ठेवला. "म्हणून म्हटलं, प्रभू लिहा. कारण सांगावं लागेल. लोक काय म्हणतील तुम्हाला?"

"जे आहे ते म्हणतील," मालक म्हणाला. तो उठला, आणि मुलीच्या हातातल्या ओल्या फडक्याने त्याने कोळशाची अक्षरे पुसून टाकली.

मुलीने बादली भरून आणली. ती पाणी शिंपडत गेली आणि मालक कोरत गेला. त्याचे डोळे वाहत होते, पण एकही रेघ चुकली नाही. मीही जिवाचे रान केले. शेवटच्या अक्षराचा शेवटचा घाव बसला आणि माझ्या टोकाचा टवका उडाला. आता मला धार लावायलाही अंग उरले नव्हते. पण मालकाने मला भंगारात टाकले नाही, खिशात घातले.

म्हणून दगड बसवण्याच्या दिवशी मी तिथे होते. दगडावर 'पाहणारा देव' आणि त्याखाली मालकिणीचे नाव. मंडळी वाचून कुजबुजली. पाळकसाहेबांनी मुलीकडे पाहिले, कारण मालक चारचौघांत बोलणारा नव्हता. पण मालकच पुढे झाला. खिशात त्याची मूठ माझ्याभोवती आवळली होती.

"घरात मी तिला पाहिलं नाही," तो म्हणाला. "ज्याने पाहिलं, त्याचं नाव लिहिलंय."

एवढेच बोलून तो मागे झाला. मुलीने त्याचा हात धरला. कोणी हसले नाही, कोणी नावे ठेवली नाहीत. परतताना बेकरीवाला मात्र आपल्या बायकोकडे असा टक लावून बघत चालला होता की ती वैतागून म्हणाली, "काय लागलंय का माझ्या तोंडाला?"

घरी आल्यावर मालकाने खोका उचलला आणि उलट्या बाजूला ठेवला. आता तो दाराकडे पाठ करून, स्टुलाकडे तोंड करून बसतो. त्याची सावली दगडावर पडते. गिऱ्हाइके म्हणतात, "अहो, अंधारात काम करता की काय?" तो म्हणतो, "दिसतंय तेवढं पुरे." त्या स्टुलावर कोणी बसून बोलू लागले की तो हातोडा खाली ठेवतो. मुलगी रजेवर आली की तिथेच बसते आणि दिवसभर दवाखान्यातल्या गोष्टी सांगते. त्या महिन्यात दगड उशिरा तयार होतात.

माझ्या जागी नवी छिन्नी आली आहे. चांगली आहे, जरा तोऱ्यात असते. मला खिडकीत जागा मिळाली. गंज चढतोय, पण मला तेल लावा म्हणून मी तुमच्यामागे लागणार नाही. मित्रांनो, माझे मागणे वेगळे आहे. देवाची नावे पुष्कळ आहेत आणि प्रत्येक नाव कोणाच्या तरी गरजेतून उठलेली हाक आहे. तुमच्या घरातली माणसे त्याला कोणत्या नावाने हाक मारतात, ते त्यांना त्यांच्या हयातीतच विचारा. पाठीमागून कोणी काही म्हणाले, तर हातातले काम क्षणभर खाली ठेवा आणि वळून बघा. दगड थांबतो, माणसे थांबत नाहीत.

कालचीच गोष्ट. घरात मालक एकटाच होता. वाऱ्याने स्टुलाशेजारचा पत्र्याचा डबा पडला आणि खणखणला. मालकाने हातोडा खाली ठेवला, रिकाम्या स्टुलाकडे पाहिले आणि मऊ आवाजात विचारले, "काय गं?"