तिसरा रोडगा

वर्षभर खानावळीतले पाणचट वरण जेवलेला माणूस आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, घरी परततो, तेव्हा त्याची भूक त्याच्याआधी उंबरठा ओलांडते. जगदेवचे तसेच झाले. अमरावतीच्या एका कापसाच्या जिनाच्या कचेरीत तो कारकून होता आणि रजा होती चारच दिवसांची. जऊळक्याला गाडीतून उतरून तो आसेगावला पोचला, आणि पुढचे तीन दिवस आमरसात, शेवयांत, मायच्या हातच्या वांग्याच्या भाजीत कुठे विरघळले ते त्याला उमगलेसुद्धा नाही.

खरेदी एकच करायची होती, कारंज्याला जाऊन, आणि ती रोज उद्यावर जात होती.

थोरली बहीण चतुराबाई माहेरी आली होती. सासरी निघताना तिची ओटी भरायची, आणि ओटीत भावाने आणलेला चोळीचा खण घालायचा, अशी रीत. मागच्या आखाजीला जगदेवला रजा मिळाली नव्हती. ओटीत खण नाही हे पाहून तिची जाऊ साऱ्या आळीत म्हणाली होती, "भाऊ सायब झाला, अन् बहिनीची ओटी रिकामी!"

"ह्या खेपेले निवडून आन रे बापा," चतुराबाई म्हणाली होती. "आंबा रंगाचा, लाल काठाचा. जाऊनं डोळे फाडून पाह्यलं पायजे."

शेवटच्या दिवशी शेलूचा बाजार होता. कापडवाले कारंज्याहून फक्त बाजाराच्या दिवशी येत. जगदेव सकाळीच निघाला. अर्ध्या वाटेवर आमराईतून धूर येत होता, आणि धुरात भाजल्या कणकेचा वास होता. त्या वासाने त्याची पावले आधीच मंदावली. हाक नंतर आली.

"अबे जगदेव! आमची पंगत टाकून कुठी चालला?" वडिलांचे जुने स्नेही पुंजाजी हात उंचावून उभे होते.

"बाजारात जाऊन राह्यलो, काका. अक्काचा खन आनाचा हाय."

"बाजार काय पळून जाते? नवसाचे रोडगे हायत, अख्ख्या गावाले ठाव हाय. देवाच्या पंगतीले नाई म्हनू नये."

तो बसला. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांतून रोडगे काढून, राख झटकून पानांवर वाढले जात होते. फोडताच आतली वाफ तोंडावर येई, आणि तिच्यावर तुपाची धार. पहिला रोडगा देवाचा म्हणून खाल्ला. दुसरा पुंजाजींच्या आग्रहाचा. तिसऱ्याचा आग्रह कोणीही केला नाही. वाढपी पुढे निघून गेला होता. जगदेवनेच हात उंचावून त्याला मागे बोलावले. मग आंब्याच्या गार सावलीत, घटकाभर म्हणून, त्याने पाठ टेकली.

शेलूला तो पोचला तेव्हा ऊन उतरले होते. कापडवाल्यांच्या जागी तुडवलेले गवत तेवढे उरले होते. शेवटच्या गाडीवर गठ्ठे चढत होते.

"एकच खन पायजे होता," तो गठ्ठे चढवणाऱ्याला म्हणाला.

"आता कायले सोडू गठ्ठे, भाऊ? येत्या बाजारी या."

परतीच्या वाटेवर आमराई लागली. पंगत केव्हाच उठली होती, राख निवली होती. तिच्याकडे न पाहता तो पुढे झाला, आणि चालता चालता त्याने एक खोटे वाक्य घोटून ठेवले.

चतुराबाई अंगणात त्याच्या हातांवर पाणी घालू लागली. "भेटला काय रे?"

"मनासारखा रंगच नव्हता, अक्का."

तांब्या क्षणभर थांबला. त्याच्या नखांत राख होती, आणि तुपकट तळव्यांवरून पाणी थेंबाथेंबांनी घरंगळत होते. तिने ते पाहिले. तिने पाहिले हे त्यानेही पाहिले.

ओसरीवरून माय, मनकर्णाबाई, कडाडली, "रंग नव्हता म्हून हात हालवत आला? दुसरा आनता येत नव्हता काय?"

"त्याले कायले बोलतं, माय? मीच सांगतलं होतं, आंबा रंगाचा भेटन तरच आन."

जगदेव नखांतली राख खरवडत राहिला. शिवी सोसली असती. हे पांघरूण सोसवेना.

पहाटे मायने पेटीतून आपलाच एक जुना, घडीवर विरलेला खण काढून ओटीत घातला. दमणीला बैल जुंपले, चतुराबाई आत बसली. जगदेव चाकाशेजारून चालू लागला. सांगून टाकावे, असे त्याच्या ओठांपर्यंत कितीदा आले.

"अक्का, काल मी..."

"पुंजाजीकाकाचे रोडगे चांगले झाले होते काय रे?" तिने हळूच विचारले.

त्याने होकाराची मान डोलावली.

"मंग मले एखादा आनाचा तरी होता, खादाडा!" ती हसली, अगदी लहानपणी हसायची तशी.

वेशीपाशी बाया पाणी भरत होत्या. "भावानं काय देल्लं वं, चतुरा?" एकीने ओरडून विचारले.

"देल्लं ना!" चतुराबाई म्हणाली, आणि दोन्ही हातांनी पदर ओढून तिने ओटी झाकून घेतली. वेस मागे पडली, बाया दिसेनाशा झाल्या, तरी ते हात तिथून निघाले नाहीत.

जगदेव वाटेच्या कडेला थांबला. दमणी दृष्टीआड होईपर्यंत तो तिच्या हातांकडेच पाहत राहिला.