जुन्या मापाचे बूट

दारात घोडागाडी उभी करून सरदाराची विधवा तरातरा मोच्याच्या दुकानात शिरली आणि नवे बूट तिने त्याच्या पुढ्यात आपटले.

"चावतात! चार पावलं टाकली तर डोळ्यांत पाणी आलं."

मोची गडबडला. गिऱ्हाईक कितीही जुनं असो, दर खेपेला तो नव्याने माप घ्यायचा. गावभर त्याचं हे खूळ माहीत होतं. हिचं माप मात्र त्याने घेतलंच नव्हतं. फळीवरचा लाकडी साचा काढून सरळ त्यावर कातडं चढवलं होतं.

तो साचा तिला दिसला. तिच्याच पायाचा, लग्नाआधीचा, पुसून पुसून तुळतुळीत झालेला. तिने त्यावरून एकदा बोट फिरवलं, मग पुन्हा भडकली.

"अरे वेड्या, हा पोरीचा पाय आहे! त्यानंतर मी दोन बाळंतपणं काढली, नवऱ्यामागे छावण्या तुडवल्या."

"मला वाटलं..."

"तुला वाटलं! तेव्हाही तुला वाटलंच होतं, सरदाराचं स्थळ आलंय, आता ही कशाला आपल्याला हो म्हणेल. एकदा तरी मला विचारलंस?"

त्याची मान खाली गेली. मग उठून त्याने तो साचा शेगडीत घातला, तिला स्टुलावर बसवलं आणि समोर बसून तिचा पाय मांडीवर घेतला.

"कुठे दुखतं?" त्याने विचारलं.

तिने खिडकीतून गाडीवानाला हाताने खूण केली, गाडी घरी ने.

"सांगते," ती म्हणाली, "पण वेळ लागेल."