बोटावरचा लगदा

कुपोषित पोरांच्या खाऊची परदेशी पाकिटं यायची बंद झाली, तेव्हा मारादी शहराजवळच्या एका दवाखान्यात बाजरी, चवळी आणि शेंगदाणे भाजून, कुटून लगदा करायला लागले. वाळलेल्या पोराने तो आईच्या हातून खाल्ला तर घरी सोडायचं, नाहीतर भरती. झुवेराने लगद्यात बोट बुडवलं, मांडीवरच्या पोरापुढे धरलं आणि मान भिंतीकडे फिरवली.

राजधानीतून, नियामेहून, बदलून आलेली नर्स खेकसली, "अगं, आई आहेस की शेजारीण? बघ तरी त्याच्याकडे! नाव काय याचं?"

झुवेराने बोट आणखी पुढे केलं, मान भिंतीकडेच.

रांगेतली मागची म्हातारी म्हणाली, "पहिला आहे तो तिचा, नर्सबाई. आमच्यात पहिल्या पोराचं नाव आई घेत नाही, चारचौघांत त्याच्याकडे बघत नाही. आजीच करायची सगळं. ती गेली मागच्या महिन्यात."

झुवेराला ना रडू आलं, ना राग. भिंतीवर एक खिळा होता, त्याच्याकडे ती बघत राहिली. मग बोटाला कोरडी, कोमट जीभ लागली. लगदा संपला तरी ती जीभ हटेना.

"गिळतोय का?" झुवेराने खिळ्यालाच विचारलं.