आवाज येईना

लॅपटॉपची सिस्टीम अपग्रेड झाली आणि त्याची वाचाच बसली. पडद्यावर परदेशातला लेक नुसता ओठ हलवत होता. म्हातारा त्या नतद्रष्ट यंत्राला शिव्या घालत सेटिंग उलटीपालटी करत होता.

"येईन म्हणाला," ओठांकडे टक लावून बसलेली म्हातारी म्हणाली आणि लेकाची गादी झटकायला आत गेली.

शेवटी म्हाताऱ्याला सापडलं. अपग्रेडने आवाज घरात नसलेल्याच कुठल्याशा स्पीकरच्या नावावर करून टाकला होता. त्याने तो परत लॅपटॉपवर आणला.

"येईन असं वाटत नाही, बाबा," लेक पुन्हा सांगत होता. "यंदाही."

म्हाताऱ्याने घाईघाईने आवाज बंद केला.

आत झटकणं थांबलं. "आला का हो आवाज?"

"येईना अजून," तो म्हणाला.

झटकणं पुन्हा सुरू झालं.