भागीबाईच्या मापाचं पायडल

कीर्तनात सगळे बुवांच्या तोंडाकडं बघत. भागीबाई त्यांच्या पायांकडं बघायची. संधिवातानं बोटं आकसलेली, टाळी काही वाजत नसे. मग तीही पायानंच ताल धरायची.

पंचवटीतल्या त्या लहानशा विठ्ठलमंदिराचं निर्माल्य कातरून खत करायचं काम तिच्या बचत गटाकडं होतं. आता कात्री तिच्या हातातून गळू लागली होती. हे काम सुटलं की सुनेच्या दारात बसून बोलणी खायची, एवढंच उरलं होतं.

दोन हजार तीन साली गटासाठी कातरायचं यंत्र बनवायला हॉलंडहून इंजिनिअरिंगची मुलं आली. त्यातली अ‍ॅनिका आणि नाशिकच्याच कॉलेजातली पायल बायकांत मांडी घालून बसल्या.

"मावशी, यंत्र कसं हवं?" पायलनं विचारलं.

"हात सोडून कायबी चालंल," भागीबाई म्हणाली.

मग जुन्या शिलाई मशीनचं पायडल आलं. हारांचा दोरा पात्यांत गुंतायचा, म्हणून गटातल्या चतुराबाईनं तिथं फणी बसवायला लावली. अ‍ॅनिकानं पायडलवर खडूनं भागीबाईच्या पावलांची मापं घेतली.

मंदिराच्या अंगणात यंत्र मांडलं. भागीबाईनं पाय ठेवला, तोच ट्रस्टचे देवरामभाऊ पुढं धावले.

"थांबा! देवाची फुलं लाथेनं चिरायची?"

"पाय फुलाला लागत नाय, भाऊ. आन कीर्तनात बुवा नाचत्यात, तवा त्यांच्या पायाखाली फुलं नसत्यात व्हय?"

देवरामभाऊ घुटमळले. "भागीबाई, मला पटतं गं. लोकांना काय सांगू? हातानं फिरवा, नाहीतर निर्माल्य घंटागाडीत जाईल."

पायलनं ते अ‍ॅनिकाला सांगितलं. अ‍ॅनिकाचं उद्या विमान होतं. हँडल लगेच बसलं असतं. पण ती भागीबाईच्या बोटांकडं बघत उभी राहिली.

"भागे, तू म्हणशील तसं," चतुराबाई हळूच म्हणाली.

बाकीच्या बायका खाली बघत होत्या.

"खाली काय बघताय गं? लावा हँडल! काम गेलं तर तुमची पोरं काय माझ्या पायावर जगायचीत?"

पायडल निघालं, हँडल लागलं. चतुराबाईनं ते फिरवलं. झेंडू बारीक होऊन खाली पडू लागला. देवरामभाऊंनी हात जोडले.

भागीबाई खांबाला टेकून बसली. सुटं पायडल तिच्या शेजारी पडलं होतं. खडूची पावलं अजून पुसली नव्हती.

"पांडुरंगा," ती पुटपुटली, "आता रे कुठं जाऊ?"

हँडलच्या प्रत्येक फेऱ्याला लुगड्याच्या काठाखाली तिचं पाऊल वर जात होतं, खाली येत होतं.