सहाव्या भोकावरचं बोट

मी एक जुनी बासरी आहे. जुनी म्हटलं की मित्रांनो, तुमच्या डोळ्यांपुढं मखमलीत गुंडाळलेली, मोरपीस खोचलेली वस्तू येत असेल. ते चित्र डोक्यातनं काढून टाका. माझं आयुष्य शिराळ्याजवळच्या एका खेड्यात गेलं, आणि तिथं मला बासरी असंसुद्धा कुणी म्हणत नसे. पावा म्हणत.

मला घडवलं मलकापूरच्या अर्जुना बुरडानं. टोपल्यांसाठी आणलेल्या कळकातलं एक पेर लांब आणि सरळ निघालं, म्हणून सूप होता होता मी वाचले. एका टोकाची गाठ त्यानं तशीच ठेवली, फुंकायला एक भोक पाडलं, बोटांसाठी सहा. आमच्या खेड्यातल्या कृष्णाताच्या बापानं मला जत्रेत विकत घेतलं. गावच्या सप्त्यात काल्याच्या दिवशी पावा वाजवायचा मान त्या घराकडं होता. बाप मेला आणि मान कृष्णाताकडं आला. मी त्याच्याबरोबरच आले.

बेचाळीस साली कृष्णात पलटणीत गेला. घरात उरल्या दोघी. आई मनुबाई, आणि वर्षापूर्वी लग्न होऊन आलेली चंद्रा. मला आढ्याला टांगलं होतं. बाईमाणसानं पाव्याला हात लावायचा नाही, असं कुठं लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती.

सासू उसात खुरपायला गेली की चंद्रा मला खाली काढायची. आधी नुसता वारा यायचा. मग कुत्र्याच्या पिलासारखं केकाटणं. पण नवऱ्याची बोटं तिनं बघून ठेवली होती. वरची तीन भोकं दाबली की सा. त्यातलं एक सोडलं की रे, आणखी एक सोडलं की ग. उरलेल्या एकावरचं बोट निम्मं सरकवलं की म. मग सहाच्या सहा भोकं दाबून नेटानं फुंकलं की प, आणि खालनं एकेक बोट उचलत गेलं की ध, नी, वरचा सा. म पाशी ती महिनोन् महिने अडली. निम्मं भोक म्हणजे नक्की किती, हे बोटाला कुणी सांगू शकत नाही. ते बोटालाच कळावं लागतं.

भजनाच्या चाली जमायला लागल्या. जात्यावरची तिची स्वतःची ओवी मात्र जमेना. तीन भोकांच्या सा वरनं सुरू केली की ओवी तिच्या गळ्याच्या पार वर जाऊन चिरकायची. एके दिवशी ती वैतागली, सगळी भोकं दाबली आणि हलकेच फुंकून म्हणाली, "हितनं धर की." सहा भोकांचा प होता, त्यालाच तिनं सा केला. खालनं एकेक बोट उचललं तर रे, ग, म, प सगळे ओळीनं येऊन बसले. भोकं तीच, बोटं तीच, सुरांनी घरं बदलली. चंद्रा रडली. रडून झाल्यावर मला पुसून पुन्हा आढ्याला टांगलं, कारण दारात सासूचं खुरपं वाजलं होतं.

पंचेचाळीस साली कृष्णात ब्रह्मदेशातनं परत आला. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं तिकडंच राहिली होती. सरकारनं त्याला एक पदक दिलं. पदकानं भोक झाकत नाही.

त्यानं मला हातात घेतलं आणि सगळ्यात खालचं, सहावं भोक उघडं राहिलं. माझा पंचम गेला. मेण भरून बघितलं, तर पंचम आला आणि धैवत मेला. त्यानं मला अंथरुणावर फेकलं.

"आवं, परत फुका," चंद्रा म्हणाली.

"काय फुकू? दात पडलेल्या म्हातारीगत बोलतंय ते."

"फुका तर."

तो फुंकायला लागला आणि तिनं शेजारी बसून सहाव्या भोकावर आपलं बोट ठेवलं. पंचम आला, स्वच्छ. तिनं बोट उचललं, धैवत आला. कृष्णात थांबला.

"तू कवा शिकलीस?"

"तुमी न्हवता तवा."

"आयला म्हाईत हाय?"

"म्हाईत असतं तर मी जिती दिसले असते व्हय?"

तो हसला. लढाईवरनं आल्यापासून त्याचं हसू मी ऐकलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात आई रानात गेली की दोघं दार लोटून बसायची. त्याचा श्वास आणि पाच बोटं, तिचं एक बोट. अधनंमधनं तो मला पूर्ण तिच्या हातात द्यायचा. त्यानं तिला सांगितलं की तीन भोकांचा सा म्हणजे पेटीवरची पहिली काळी पट्टी, काळी एक, आणि तुझ्या ओवीचा सहा भोकांचा सा म्हणजे काळी चार. तिला त्या नावांची गंमत वाटली.

"ह्या सालच्या काल्याला माझा मान ऱ्हायला," तो म्हणाला, "की तू उजेडी वाजव. अंगणात बसून वाजव. कोन काय म्हनतंय बघतो मी."

तेवढ्यासाठी ती जगायला लागली, मित्रांनो. मला ठाऊक आहे, कारण फुंकताना तिचा श्वास बदलला होता.

काल्याला एकट्यानं वाजवायचं म्हणून त्यानं पंचम लागतच नाही अशी चाल निवडली. पेटीवाल्याला काळी एक सांगून ठेवली. सगळं ठरलं होतं. पण भजनाचे पुढारी लालासाहेब, त्यांनी ऐन वेळी सांगलीहून नाथाजीबुवा आणले. हे बुवा तरुणपणी नाटक कंपनीत बायकांची कामं करायचे. आवाज अजून बायकी, उंच. त्यांनी बसल्या बसल्या पेटीवाल्याला सांगितलं, "काळी चार."

काळी चारचा सा माझ्या सहा भोकांत. सहावं भोक झाकायला बोट नाही. आता पंचम वगळून भागणार नव्हतं, मुळात सा लागत नव्हता.

कृष्णातानं फुंकलं. सूर एक घर वर जाऊन पेटीशी भांडला. पुन्हा फुंकलं, पुन्हा तेच. देवळात माणसं खाकरायला लागली.

"काय रं कृष्णात," लालासाहेब म्हणाले, "पलटणीत हेच शिकलास व्हय? जमत न्हाई तर सांग की गड्या. मान काय, दुसऱ्या कुनाला दिऊ."

कृष्णातानं मला पुन्हा ओठाला लावलं. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं चंद्रा उठली. डोईवरचा पदर धरून पुरुषांमधनं चालत आली आणि नवऱ्याच्या उजव्या अंगाला बसली. त्यानं तिच्याकडं बघितलं नाही. तिनं बोट ठेवलं. सा लागला.

बुवांनी अभंग उचलला. अख्खा अभंग आम्ही वाजवला, तिघांनी. एक सूर हलला नाही. शेवटी नाथाजीबुवा तिच्याकडं वळून म्हणाले, "बाई, बोट गुणी हाय तुमचं."

बघा, पुरुषानं लुगडं नेसून नाटकात बाईचा आवाज काढला तर ह्याच माणसांनी त्याला फेटे बांधले होते. आणि बाईनं एक बोट ठेवलं तर त्यांच्या तोंडाला कुलूप लागलं.

कुलूप लालासाहेबांनी उघडलं. मानाचा नारळ कृष्णाताच्या हातात देताना ते म्हणाले, "घे बाबा. आमाला वाटलं तुजी बोटं ब्रह्मदेशात गेली. ती तर बायकूच्या हातावर उगवल्यात." मग हसणं सुरू झालं, ते देवळाच्या पायरीपासून घराच्या उंबऱ्यापर्यंत मागं आलं. पोरंसुद्धा दोन बोटं मुडपून एकमेकांना दाखवत होती.

मान राहिला होता. नारळ घरात होता. चंद्रा वाट बघत होती, तो काय बोलतो याची.

त्यानं मला आढ्याला टांगलं. मनुबाई बोलली. "दाल्ल्याची अब्रू चव्हाट्यावर मांडलीस गं. काय कमी केलं हुतं तुला?"

"आत्ती, सूर लागत न्हवता."

"न लागंना. तुझ्या बापाचं काय जात हुतं?"

सकाळी कृष्णात मला घेऊन ओसरीवर बसला. मला वाटलं, वाजवणार. त्यानं लोखंडी गज माझ्यात घातला आणि टोकाची गाठ फोडली. आरपार फोडली. मग फुंकायच्या भोकावर आणि सहाही भोकांवर ओल्या चिंध्या गुंडाळल्या, त्यावर चिखल लिंपला. उजव्या हाताच्या उरलेल्या तीन बोटांनी हे सगळं त्यानं फार नेटकं केलं. मग मला चुलीपाशी ठेवलं.

"फुकनी मोडलीया न्हवं घरातली," तो म्हणाला. "ही घे."

चंद्रानं मला उचललं. तो तिथनं उठून गोठ्याकडं गेला, आणि पुढं त्या घरात मी त्याला कधी हसताना ऐकलं नाही.

त्याला आता बरीच वर्षं झाली. रोज सकाळ-संध्याकाळ चंद्रा माझ्यातनं फुंकते. श्वास तोच आहे. उजवा हात खाली, डावा वर, आणि बोटं चिंध्यांवर आपोआप जागा धरतात. जाळ धरेपर्यंत ती उचलते, ठेवते, उचलते. आवाज होत नाही. होतो तो राखेचा.

अशा गोष्टीच्या शेवटी वस्तूनं म्हणायचं असतं, मुलांनो, मला जपा. मला जपून आता काय करता? मी मेले आहे. पण तुमच्या घरात चुलीपुढं जी बसते तिला एकदा विचारा, तुला काय येत होतं म्हणून. विचारायला लाज वाटत असेल तर तीच लाज लालासाहेबांच्या देवळात होती, हे ध्यानात ठेवा.

थांबा. मनुबाईनं हाक मारली.

"चंद्रे, फुक की. बघत काय बसलीस?"