मुरंब्यावरचा कागद

कादंबरीकार एलोदीबाईंच्या प्रियकराची पत्रं स्वयंपाकीण पेरीननं मुरंब्याच्या बरण्यांवर, अक्षरं आत करून, बांधली होती. एक जरी सापडलं, तर कोर्ट लेक बापाला देणार होतं.

वेगळ्या राहणाऱ्या नवऱ्यानं सकाळपासून सगळं घर उपसलं. शेवटी दमून तो टेबलाशी बसला.

"पेरीन, पाव आण. आणि तो मुरंबा."

"मध देऊ का, मोस्ये?"

"मुरंबा म्हटलं ना."

पेरीननं बरणी आणली, पण तिच्यावरचा दोरा सोडेना. बाईंनी बरणी ओढून घेतली, कागद फाडला, त्याची सुरळी चुलीत धरली आणि तिच्यावर चिरूट पेटवला.

नवऱ्यानं किळसून तोंड फिरवलं. "बाईमाणसानं चिरूट ओढायचा? शोभतं का?"

"नाही शोभत." बोटांना चटका बसेपर्यंत बाईंनी सुरळी सोडली नाही. "पेरीन, मोस्येंना वाढ."